तीन रेघांचा त्रिकोण

प्रश्न: पत्रलेखक नाशिकचे, वय ३६, मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर. ऑगस्ट २०२४मध्ये होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, उतरताना शिडीवरून पडले, डोक्याला मार लागला. परदेशी बंदरातला दवाखाना, शस्त्रक्रिया, मग विमानाने घर. हातपाय शाबूत आहेत, बोलणं पूर्ववत आहे, पण अपघाताआधीची सव्वादोन वर्षं गेली. शेवटची स्वच्छ आठवण २०२२च्या अक्षय तृतीयेची: पंचवटीतला वाडा, आमरस, आणि कोय चोखत बसलेली पाच वर्षांची मुलगी. त्यानंतर थेट दवाखान्यातला हिरवा पडदा.

घरी आले तर वाडाच नाही. पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. वाडा विकला आणि कागदांवर सही त्यांचीच आहे, असं घरचे सांगतात. मुलीचे दुधाचे दात पडून नवे आलेत. वास्तुशांतीला तू पूजेला बसला होतास, असं आई म्हणते. बायको म्हणते, तुम्ही व्हिडिओ कॉलवर होतात. धाकट्या भावाचा विषय निघाला की आई पदर तोंडाला लावते आणि बायको चहा टाकायला उठते.

झोप येईना म्हणून ते मोबाइलवर जुनी परदेशी मालिका बघत होते. तिच्या एका भागात अंतराळयानावरचा अधिकारी शुद्धीवर येतो आणि त्याला सांगतात, तुझी सोळा वर्षांची स्मृती गेली. आता तू कप्तान आहेस, हा तुझा मुलगा. माणसं सगळी ओळखीची, फक्त वयस्कर झालेली. पुढे कळतं की तो सगळा देखावा होता. ‘तेव्हापासून मी रात्री उठून भिंतींवर हात फिरवतो,’ ते लिहितात. बायकोला आडून प्रश्न विचारतात. एकदा मुद्दाम म्हणाले, ‘सोमेश्वरला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू हिरवी साडी नेसली होतीस ना?’ तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘हिरवी कुठली, पिवळा ड्रेस होता, आणि तुम्ही अर्धा तास उशिरा आलात. अजून किती वेळा परीक्षा देऊ?’ उत्तर बरोबर होतं. तरी मनात आलं, हिला कुणीतरी पढवून ठेवलंय.

ते विचारतात: हे सगळं खरं आहे हे मी कसं ओळखू? आणि डॉक्टरांना सांगितलं तर मेडिकल फिटनेस जाईल, जहाज सुटेल. सांगू की नको?

उत्तर:

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर लहान आहे. सांगा. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. फोन करून अलीकडची वेळ मागून घ्या आणि मला पाठवलेलं पत्र जसंच्या तसं डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडी सांगायला गेलात तर त्यातलं निम्मं राहून जाईल.

मी समुपदेशक आहे, मेंदूची डॉक्टर नाही, तेव्हा तुम्हाला काय झालंय हे मी ठरवणार नाही. पण डोक्याला मार लागल्यावर आजूबाजूचं जग परकं, काचेपलीकडचं वाटायला लागतं त्याची कारणं बरीच असतात, एवढं मला माहीत आहे. झोप मोडलेली असणं हे एक. सतत धास्तावलेलं असणं हे दुसरं. तिसरं म्हणजे फिटचे बारीक झटके. त्यात माणूस पडत नाही की हातपाय झाडत नाही. क्षणभर ओळखीची खोली अनोळखी होते किंवा नसलेला वास येतो, इतकंच. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि यातलं आपलं कोणतं हे भिंतीवर हात फिरवून कळणारं नाही.

जहाज सुटण्याची भीती मी हलकी मानत नाही. घराचा हप्ता त्यावर चालतोय, शिवाय पंधरा वर्षांत दुसरं काही केलेलं नाही. पण फिटनेसचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं, म्हणजे आज ना उद्या डॉक्टरसमोर उभं राहायचंच आहे. चीफ ऑफिसरचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, पहाटे चार ते आठ. समोर अंधार, खाली वीसेक माणसं झोपलेली, आणि रडारवरचा ठिपका खरा की भास असा मनात घोळ. अशा अवस्थेतल्या खलाशाला तुम्ही स्वतः होल्डच्या शिडीवर चढू दिलं असतंत?

आता तुमचा अंतराळयानवाला. तुमच्या पत्रामुळे मीही तो भाग शोधून पाहिला. रात्री अकराला लावला तेव्हा नवऱ्याने भुवया उंचावल्या. ‘अभ्यास आहे’ म्हणून सांगितलं. गोष्ट चांगली आहे. पण तो अधिकारी फसवणूक पकडतो कशी, ते परत बघा. गेलेल्या सोळा वर्षांबद्दल उलटतपासणी घेऊन तो कुठे पोचत नाही. त्याच्या दिवंगत बायकोची म्हणून एक चित्रफीत त्याला दाखवतात, आणि ती बाई मुळात माणूसच नव्हती, यानावरच्या यंत्राने रचलेली आकृती होती, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं. म्हणजे त्याने जुन्या, शाबूत आठवणीचा दगड नव्या जगावर आपटून पाहिला, आणि नवं जग फुटलं.

तुम्हीही तेच केलंत. सोमेश्वर, पिवळा ड्रेस, अर्ध्या तासाचा उशीर: हे सगळं तुमच्या शाबूत आठवणीतलं आहे, आणि तुमचं नवं जग त्या दगडाने फुटलं नाही. उलट तुम्ही विचारलं नव्हतं तेही तिने वर टाकलं, तुमच्या उशिराचं. लग्नाच्या बायकोशिवाय हे कोण करतं? परीक्षा झाली, निकाल लागला. मग तुम्ही निकालावरच संशय घेतलात. चूक उत्तर आलं तर ती खोटी, बरोबर आलं तर पढवलेली. अशा परीक्षेत पास होण्याची सोयच नाही, तेव्हा ती घेणं बंद करा. ती माउली लाटणं खाली ठेवून दमली आहे.

तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं, आणि एकच अक्षर शोधलं: ‘च’. आपल्या भाषेत हे बारकं अक्षर मोठं काम करतं. ‘खोटं वाटतं’ आणि ‘खोटंच आहे’ यांत मधे अख्खं गाव आहे. पत्रात ‘वाटतं’ पानोपानी आहे. ‘च’ एकाच ठिकाणी सापडला: ‘त्या रात्री वाटलं, ही माझी बायको नाहीच.’ पण त्याही वाक्यात ‘वाटलं’ आहे. म्हणजे वाटणं आणि असणं यातला फरक तुम्हाला कळतोय, आणि म्हणूनच तुम्ही इतके घाबरलाही आहात. ज्याला पुरती खात्री पटते तो पत्र लिहून सल्ला विचारत नाही.

तरी त्या एका रात्रीबद्दल डॉक्टरांना वेगळं सांगा. आपल्या माणसाच्या जागी हुबेहूब दुसरं कुणी आलंय अशी खात्री बसण्याचा एक विकार असतो. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञाने १९२३मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. डोक्याच्या दुखापतीनंतरही तो कधीकधी दिसतो. त्याचं एक स्पष्टीकरण मला पटतं. चेहरा ओळखणं आणि तो चेहरा पाहून आतून ऊब येणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चालू राहिलं आणि दुसरं बंद पडलं, तर डोळे म्हणतात ‘तीच’, आणि आत काही हलत नाही. मग मेंदू आपल्या परीने अर्थ लावतो: हुबेहूब आहे, पण ती नाही. तुम्हाला हेच झालंय असं मी म्हणत नाही. पण ऊब परत यायला वेळ लागला म्हणून समोरचं माणूस नकली ठरत नाही, एवढं लक्षात असू द्या.

तुमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आई आणि बायको वेगवेगळं सांगतात. मला हा पुरावा नेमका उलट्या बाजूचा वाटतो.

तुमच्यासारखंच जहाजावर आयुष्य काढलेला माझा एक मामेभाऊ आहे. निवृत्त होऊन आता तो द्राक्षांच्या भावाची चिंता करतो. त्याने मला एकदा पेपरच्या कडेला आकृती काढून दाखवली होती. किनाऱ्यावरच्या तीन खुणा धरायच्या, एक दीपगृह, एक टेकडी, एक चिमणी. प्रत्येकीची दिशा मोजून चार्टवर रेघ ओढायची. तुम्ही हे हजारदा केलं असेल. तीन रेघा एका ठिपक्यात मिळतात का? क्वचित. एरवी मधे एक लहानसा त्रिकोण उरतो. तुम्ही त्याला कॉक्ड हॅट म्हणता, बरोबर? आणि तो त्रिकोण बघून कुणी ‘समुद्र खोटा आहे’ म्हणत नाही. जहाज इथेच कुठेतरी आहे म्हणतात, खडक त्याच्या किती जवळ आहेत ते बघतात आणि पुढे जातात. मामेभावाचं म्हणणं, शिकाऊ पोराने दर वेळी रेघा बरोब्बर एका ठिपक्यात आणून दाखवल्या की त्याला संशय येई: याने मोजून ओढल्यात की ओढून मोजल्यात?

तुमच्या घरच्यांच्या रेघा मिळत नाहीत, कारण त्या खरोखर ओढलेल्या आहेत. कुणी पढवलं असतं तर वास्तुशांतीची गोष्ट दोघींनी एका सुरात सांगितली असती. शिवाय आईच्या आठवणीत मुलगा पूजेला बसलेलाच असतो, मग तो त्या दिवशी सिंगापूरला का असेना.

आमच्या घरचं सांगते. २०१९च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला, तो तुम्हालाही आठवत असेल, तुमच्या शाबूत भागातला आहे. नाशिककर पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. माझा भाऊ शपथेवर सांगतो की आम्ही दोघं मिळून बघायला गेलो होतो. मी म्हणते, मी एकटी गेले होते. माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचा फोटो आहे, त्यात मी एकटीच आहे. तो त्याला दाखवला तर म्हणतो, ‘मग फोटो कुणी काढला?’ आम्हा दोघांच्याही डोक्याला कधी मार लागलेला नाही.

तुमच्या नसलेल्या सव्वादोन वर्षांतल्या बाहेरच्या बातम्याही बघा जरा. राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले आणि दोघांचंही नाव-चिन्ह फुटून निघालेल्यांकडे गेलं. दोन हजारांची नोट मागे घेतल्याचं १९ मे २०२३ला जाहीर झालं. आपण विश्वचषकात सलग दहा सामने जिंकलो आणि १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादेत अंतिम सामना हरलो. तुम्ही लिहिलंय, हे ऐकून तुम्हाला हसू आलं, इतकं ते रचलेलं वाटलं. अहो, रचणाऱ्याने आपल्याला जिंकवलं नसतं का?

रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१मध्येच मांडलं होतं की मेंदूला इजा झाली की ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकून राहतात. आठवण मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा. न मुरलेली लवकर नासते. म्हणून वाड्याच्या जिन्याच्या पायऱ्या तुम्हाला अंधारात पाठ आहेत आणि फ्लॅटमधलं दिव्याचं बटण सापडत नाही. पुढे बहुतेकदा हा कोरा भाग जुन्या टोकाकडून भरत येतो, तुकड्या-तुकड्यांनी. सगळा भरेलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि पडण्याच्या अगदी आधीची मिनिटं बहुधा परत येत नाहीत. त्यांच्या मागे लागू नका.

आणि इथे एक सावधगिरी आहे, ती तुमच्या संशयापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. घरचे प्रेमाने गोष्टी सांगतात, फोटो दाखवतात, आणि काही दिवसांनी तुम्हाला ‘आठवायला’ लागतं. ते आठवणं खरं असेलच असं नाही. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. २४ जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन घरच्यांकडून घेतलेले खरे, चौथा रचलेला: तू मॉलमध्ये हरवला होतास. त्यांतल्या सुमारे चौथाई लोकांना तो चौथा प्रसंगही थोडाफार किंवा पुरता ‘आठवला’. ही धडधाकट माणसं होती. तुमच्याकडे तर सव्वादोन वर्षांची कोरी जागा आहे, काहीही लिहिलं तरी उमटेल.

म्हणून एक वही करा. तुम्हाला लॉगबुकाची सवय आहेच. पानावर मधे उभी रेघ मारा. डावीकडे ‘आठवलं’, उजवीकडे ‘सांगितलं’. कुणी काही सांगितलं की उजवीकडे, सांगणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट. काही आपसूक वर आलं, कुकरची शिट्टी ऐकताना, लिफ्टमध्ये उभं असताना, तर डावीकडे. उजवीकडचं डावीकडे कधी सरकवायचं नाही. आईचं आणि बायकोचं जुळलं नाही तर दोन्ही लिहायचं, न्याय करायचा नाही. तुम्ही झोपेतून उठून वॉच घ्यायला वर जाता तेव्हा मधले तास तुम्ही पाहिलेले नसतात. आधीच्या ऑफिसरने लिहिलेलं वाचता, चार गोष्टी विचारता, एक नजर बाहेर टाकता आणि जहाज ताब्यात घेता. या वेळी मधला वॉच लांबला, आणि तो ज्यांनी सांभाळला त्यांना लॉग लिहायची सवय नव्हती.

मग कागद. तुमच्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, या काळातले साइन ऑन आणि साइन ऑफ (जहाजावर चढल्या-उतरल्याच्या नोंदी) तारखांसकट असतील, पासपोर्टवर शिक्के असतील. वास्तुशांतीची पत्रिका घरात असेलच, आपल्याकडे पत्रिका फेकत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवा, म्हणजे आई बरोबर की बायको ते पाच मिनिटांत कळेल. कळल्यावर चुकलेल्या बाजूला ते ऐकवू नका, एवढं करा.

आणि वाड्याचं खरेदीखतही मागा. हे मी जरा आवाज चढवून सांगते, कारण इथे तुमचा संशय अगदीच पोकळ आहे असं मला वाटत नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवताना फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात. तुम्ही हजर असाल तर तुमचा फोटो त्यात असेल. तेव्हा तुम्ही जहाजावर असाल तर कुणाच्या तरी नावाने कुलमुखत्यारपत्र दिलेलं असेल, तेही बघायला मिळेल. स्वतःच्या सहीचा कागद पाहायला मागणं हा वेडेपणा नाही, मालकी हक्क आहे. आणि तो पाहून होईपर्यंत कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका, समोर कोणीही असो.

पदर तोंडाला लावणारी आई आणि ऐनवेळी चहा टाकायला उठणारी बायको हे कुठल्या अंतराळयानावरचं लक्षण नाही. हे आपल्याकडचं, गोदाकाठचं, घराघरातलं लक्षण आहे. माझा अंदाज असा की वाडा विकताना भावाशी काहीतरी बिनसलं. बरंच. कदाचित तुमचंच बिनसलं. मग तुम्ही पडलात, सगळं विसरलात, आणि घरच्यांनी मनात हुश्श केलं: बरं झालं, निदान तो विषय तरी गेला. तुमचं विसरणं कुणाच्या तरी सोयीचं पडलंय. त्या लपवाछपवीचा वास तुम्हाला बरोबर आला. चूक एवढीच झाली की एका कपाटाला कुलूप दिसलं म्हणून तुम्ही अख्खं घर कागदाचं ठरवलंत.

तुमच्या मालिकेत तो देखावा उभा करणारा शेवटी कोण निघतो, आठवतंय ना? वाटत असतं शत्रू, निघतं एकटं पडलेलं पोर. त्याला सोबत हवी असते म्हणून ते जग रचतं. तुमच्या घरातलं हे बारकं खोटं कशातून आलं असेल, याचा विचार त्या अंगाने करून बघा. तीन महिन्यांपूर्वी ज्याच्या डोक्यावर टाके होते त्याला भावाशी झालेलं भांडण कोण आधी सांगणार?

तेव्हा आडून विचारू नका, सरळ विचारा. दिवसाची वेळ ठरवा, रात्रीची नको. बायकोला म्हणा: ‘मी आता परीक्षा घेणार नाही. पण भावाचं जे काही आहे ते मला सांग. वाईट असलं तरी चालेल, मला न सांगण्याचा त्रास जास्त होतोय.’ ती लगेच सांगेलच असं नाही. सासूबाईंना विचारावं लागेल, रडूही येईल. डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या समोर बसून बोलणं झालं तर उत्तम.

अशा घरातल्या इतर वाचकांसाठी, आणि लाटणं खाली ठेवणाऱ्या ताई, हा कागद तुमच्या हाती पडला तर तुमच्यासाठीही: स्मृती गेलेल्या माणसापासून वाईट बातमी लपवून त्याचं भलं होत नाही. तो गोष्ट विसरतो, माणसांचे चेहरे वाचायला विसरत नाही. बेताने सांगा, डॉक्टरांना विचारून सांगा, पण खरं सांगा. भिंतीवर चार फोटो लावा आणि खाली नाव, गाव, तारीख लिहा. सामान जागच्या जागी राहू द्या. आणि भेटायला येणाऱ्यांना दारातच अडवून सांगा की ‘ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?’ हे करायचं नाही. सफरचंदं घेऊन येतात आणि आजाऱ्याची तोंडी परीक्षा घेतात. आत येताना स्वतःचं नाव सांगावं: ‘मी अमुक, तुझ्या आत्याचा मुलगा.’ आजी-आजोबांना विसरायला होतंय अशा घरांनाही हे लागू आहे. एका बारशात सत्तरीतल्या बाईंना सहा जणांनी ओळीने हा प्रश्न विचारलेला मी पाहिलाय. सहाव्याला त्यांनी उत्तर दिलं, ‘तुला नाही माहीत का तू कोण?’

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या झाल्या, दिवसा गुंगी येऊ लागली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, फिट आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मार लागून काही आठवडे झाल्यावरही डोक्यात रक्त साकळू शकतं. तसंच, ‘वाटतं’ जाऊन ‘आहेच’ व्हायला लागलं, नसलेले आवाज ऐकू आले, किंवा खऱ्या-खोट्याची खात्री करायला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा विचार आला, तर घरच्यांना लगेच उठवा. रात्री अडीचला डॉक्टर मिळत नसतील तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. गाडी चालवणं आणि दारू, दोन्ही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. आणि ती मालिका रात्री बघू नका. दुपारी बघा, मुलगी शाळेतून आल्यावर.

मुलीवरून आठवलं. तुम्ही लिहिलंय, २०१९च्या सप्टेंबरात चंद्रावर उतरता उतरता विक्रम यानाशी संपर्क तुटला ती रात्र तुम्हाला लख्ख आठवते, आणि ‘नंतर दुसरं उतरलं म्हणे’ यावर विश्वास बसत नाही. उतरलं. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, आणि तुम्हीच लिहिलंय की ‘काकाने पेढे आणले होते’ असं ती एकदा बोलून गेली. घरात ते नाव न अडखळता घेणारी ती एकटीच दिसते. तिच्याकडून भांडणाचं काढून घ्यायला जाऊ नका, ते मोठ्यांकडूनच यायला हवं. फक्त त्या संध्याकाळचं विचारा: टीव्ही कुठे होता, कोण कुठे बसलं होतं, पेढे किती खाल्ले. निम्मं चुकीचं सांगेल. मधेच उठून यान कसं उतरलं ते हाताने करून दाखवेल. उजवीकडच्या रकान्यात लिहून घ्या, तिच्या नावासकट.